कर्ता कोण?

एकोणीस वर्षं मी या खिडकीशी बसते.
इंग्रजी विभाग, दुसरा मजला, हीटरची खडखड,
बाहेर एप्रिल, आणि पार्किंगमध्ये अजून कमरेइतका बर्फ,
काळपट, डिझेल प्यालेला.
या महिन्यात मी पत्रं टाइप करते.
जाड लिफाफा म्हणजे मिळाली: दोन वर्ग, पंचेचाळीस पोरं,
फी माफ, नऊ महिने पगार.
(उरलेले तीन महिने माणसानं काय खायचं
याचा रकाना फॉर्ममध्ये नाही.)
पातळ लिफाफा हातात घेतला की कळतो.

यंदा सव्वीस अर्ज, जागा अकरा.
गेल्या साली चौदा होत्या.
फोन येतात. कुणी तरी नेब्रास्काहून विचारतं,
प्रतीक्षायादीत माझा नंबर कितवा?
मी म्हणते, बघते हं,
आणि काहीच न बघता वीस मोजते.

मार्ला ट्वेट पाचव्या वर्षाची.
इथं पहिल्यांदा वस्ती केलेल्या बायकांनी
रोजनिशीत हवामान कसं लिहिलं यावर तिचा प्रबंध.
'आज वारा. परत वारा. मूल गेलं. वारा.'
झेरॉक्समध्ये कागद अडकला होता
तेव्हा तिनं मला वाचून दाखवलं होतं.
शाळेला बर्फाची सुट्टी असली की तिचा ऑगी
माझ्या टेबलाखाली स्टेपलरशी खेळायचा.
निबंधांचे गठ्ठे ती लाँड्रीत तपासायची, ड्रायरच्या उबेला;
पोरांना निबंध परत मिळायचे ते साबणाच्या वासाचे.
तपासायला हिरवी पेन्सिल.
लाल शाई आधीच रागावलेली असते, म्हणायची.

तिचं पत्र मी मंगळवारी टाइप केलं.
नेहमीचाच मसुदा, फक्त नाव बदलायचं:
'आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला.
निधी उपलब्ध होऊ शकला नाही, हे कळवताना खेद वाटतो.'
खाली प्रोफेसर लिंडर यांची सही. रबरी.

शुक्रवारी ते माझ्या ट्रेमध्ये परत.
समासात हिरवी पेन्सिल.
'विचार करण्यात आला': कुणी केला?
'उपलब्ध होऊ शकला नाही': निधी आपल्या पायांनी येतो का?
'खेद वाटतो': कुणाला? कर्ता वाक्यातून पळालाय.
आणि शेवटी, अठरा वर्षांच्या पोरांना लिहायची
तसंच, न चिडता:
'मांडणी नीटनेटकी. शुद्धलेखन उत्तम.
लिहिणारा मात्र कुठंच दिसत नाही.
पुन्हा लिहून आणा. बी मायनस.'

एकोणीस वर्षांत माझं लिखाण कुणी
इतकं मन लावून वाचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी कोट घालूनच परत खुर्चीत बसले.

डीननं तीन जागा काढून घेतल्या.
त्याला आइस हॉकीच्या मैदानावर नवं छत हवं होतं.
समितीत पाच जण होते. चौघांनी हात वर केले.
पाचवा खिडकीबाहेर बघत होता.
लिंडरनी पत्र वाचलं नाही.
सहीचा शिक्का कुठल्या खणात असतो ते मला ठाऊक आहे.
शिक्का मी मारला.
मार्ला, मी मारला, आणि मग डबा खाल्ला.

किती सोपी वाक्यं. कर्ता, कर्म, क्रियापद.
पहिलीतल्या मुलाला जमावीत अशी.
मला साडेआठ वाजले.

पत्र तिच्या टपालाच्या कप्प्यात सरकवलं.
उत्तर आलं नाही. जिन्यात भेटली तेव्हा
आम्ही दोघी वाऱ्याबद्दल बोललो.

मे संपता संपता कप्पे रिकामे करायचं कामही माझंच.
तिच्या कप्प्यात ऑगीचा एक हातमोजा,
हिरव्या पेन्सिलीचं बोटाच्या पेराएवढं थोटुक,
आणि माझं पत्र, घडी उलगडलेलं.
'मी मारला' खाली बारीक रेघ,
शेजारी बरोबरची खूण.
ग्रेड दिली नव्हती.
त्याचे पैसे तिला आता कुणी देत नव्हतं.